सार्वजनिक जागेतील माती आणि शिशाचे विष



आपल्या शेतातील मातीची परीक्षा करून घेण्यास आता बहुतेक शेतकरी सरावले आहेत. कोणत्या शेतात स्फुरद कमी आहे, कोठे जस्ताची उणीव आहे, याची चर्चा चावडीवर होत असते. परंतु गावात अशीही बरीच माती असते की जी कोणाच्याच सातबाऱ्यावर नसते. शाळेचे पटांगण, देवळासमोरचा पार, बाजारतळ, गायरान, पाणवठ्याची वाट व रस्त्याची कड ही ती माती होय. या मातीत मुले खेळतात, गुरे चरतात, बायका धान्य वाळवितात. तिची परीक्षा मात्र सहसा कोणी करीत नाही. सर्वांच्या मालकीची वस्तू ती कोणाच्याच काळजीची नसते, हा अनुभव येथेही येतो.

अशा मातीत साचणाऱ्या जड धातूंची, व त्यांतही विशेषतः शिशाची, माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा पाठ वाचून ग्रामसभेत व महिला मंडळांत समजावून सांगावा, अशी अपेक्षा आहे.

जड धातू म्हणजे काय?

शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम इत्यादी धातूंना व्यवहारात जड धातू असे म्हणतात. सोमल हा शास्त्रदृष्ट्या पूर्ण धातू नसला तरी त्याचे दुष्परिणाम तशाच प्रकारचे असल्यामुळे त्याचीही गणना यांतच होते. जस्त व तांबे हेही जड धातूच आहेत. परंतु त्यांची अल्प प्रमाणात पिकांना व माणसांना गरज असते. शिसे, कॅडमियम व पारा यांची मात्र मनुष्यशरीराला कोणत्याही प्रमाणात गरज नाही.

या धातूंचा मोठा दोष असा की ते नाश पावत नाहीत. शेणखत कुजते, अनेक कीटकनाशकांचे कालांतराने विघटन होते. परंतु शिसे हे मूलद्रव्य असल्यामुळे ते कुजत नाही, सडत नाही व जाळल्यानेही संपत नाही. जाळले असता त्याचा काही अंश धुरावाटे पसरतो व उरलेला राखेत राहतो. म्हणून एकदा मातीत पडलेले शिसे नातवंडांच्या काळातही तेथेच सापडते.

ते गावात कोठून येते?

१. जुन्या बॅटऱ्या. ट्रॅक्टर, ट्रक, इन्व्हर्टर व विजेवर चालणाऱ्या काही रिक्षांच्या बॅटरीत निम्म्याहून अधिक वजन शिशाचे असते. बॅटरी निकामी झाली तरी आतील शिशाला बाजारात भाव येतो. म्हणून काही ठिकाणी उघड्यावर कुऱ्हाडीने बॅटऱ्या फोडून, तेजाब जमिनीवर ओतून, खड्ड्यात कोळशावर शिसे वितळविले जाते. गावातील माती विषारी होण्याचे हे सर्वांत घातक कारण होय.

२. रंग. जुन्या तेलरंगांत शिशाची संयुगे मिसळलेली असत. भारत सरकारने २०१६ साली नियम करून घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये असे ठरविले, व ते १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. परंतु त्यापूर्वी रंगविलेल्या शाळेच्या खिडक्या, फाटके, झोपाळे व घसरगुंड्या अद्याप उभ्या आहेत. त्यांचे पोपडे खालच्या मातीत पडतात.

३. पेट्रोल. गेल्या शतकात अनेक दशके पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळीत असत. आपल्या देशात ते २००० साली बंद झाले. जगातील शेवटच्या देशात, म्हणजे अल्जीरियात, २०२१ साली बंद झाले. परंतु त्यापूर्वी धुराबरोबर पडलेले शिसे जुन्या हमरस्त्यांच्या कडेच्या मातीत शिल्लक आहे. रस्त्यालगतच्या पट्ट्यात ते अधिक असते व जसजसे दूर जावे तसतसे झपाट्याने कमी होते.

४. शेंदूर. पारंपरिक शेंदूर हे शिशाचेच एक तांबडे संयुग आहे. देवाच्या दगडावर वर्षानुवर्षे चढलेली पुटे सुटून खाली पडतात व पारावर खेळणाऱ्या मुलांच्या हातास लागतात. श्रद्धेला बाध न आणता येथे शिसेविरहित रंग वापरणे व खाली पडलेली पुटे ओल्या फडक्याने गोळा करणे सहज शक्य आहे.

५. मूर्ती व कचरा. काही रासायनिक रंगांनी रंगविलेल्या मूर्ती विसर्जित केल्याने गावतळ्याच्या गाळात धातू साचतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने याविषयी २०१० साली मार्गदर्शक सूचना काढल्या व २०२० साली त्या सुधारल्या. शाडूची किंवा साधी माती व निर्धोक रंग वापरावेत असा त्यांचा रोख आहे. तांब्यासाठी विजेच्या तारा जाळणे, फुटलेल्या नळीदिव्यांतील पारा व शहरी कचऱ्याचे न तपासलेले खत यांमुळेही माती दूषित होते. शहरी कचऱ्यापासून केलेल्या कंपोस्टमध्ये किलोमागे शिसे १०० मिलिग्रॅम व कॅडमियम ५ मिलिग्रॅम यांपेक्षा अधिक असू नये, असे खत नियंत्रण आदेशात बंधन आहे. खत घेताना शेतकऱ्याने त्याचा पृथक्करण अहवाल मागावा, हे ध्यानात ठेवावे.

मातीत पडलेल्या शिशाचे काय होते?

शिसे पाण्याबरोबर सहसा फार खोल जात नाही. मातीतील चिकण कण, सेंद्रिय द्रव्य व स्फुरद त्यास धरून ठेवतात. यास्तव न नांगरलेल्या जमिनीत बहुतेक शिसे वरच्या दोन-तीन इंचांत राहते. नेमका हाच थर वाऱ्याने उडतो, पावलांना लागतो व मुलांच्या हाती येतो.

आपल्या देशावरील काळी माती बहुधा चुनखडीयुक्त व किंचित विम्लधर्मी असते. अशा मातीत शिसे व कॅडमियम बरेचसे जखडून राहतात. याउलट कोकणातील जांभ्याची माती आम्लधर्मी असल्याने तिच्यात हे धातू, विशेषतः कॅडमियम, पिकांच्या मुळांना अधिक सहज उपलब्ध होतात. ज्या ठिकाणी बॅटरीचे तेजाब ओतले गेले असेल तेथे काळ्या मातीचाही सामू उतरतो, आणि शिशाबरोबरच त्यास विरघळविणारे साधनही तेथेच हजर होते.

किती शिशाने किती माती बिघडते, याचा एक साधा हिशेब करू. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर जागा. तिच्या वरच्या ५ सेंटिमीटर थरातील माती सुमारे ६,५०० किलो भरते. या मातीत केवळ १ किलो शिशाची भुकटी मिसळली, तर प्रत्येक किलो मातीत सुमारे १५० मिलिग्रॅम शिशाची भर पडते. निसर्गतः मातीत शिशाचे प्रमाण सामान्यपणे किलोमागे १० ते ५० मिलिग्रॅम असते. मुलांच्या खेळण्याच्या मातीसाठी अमेरिकेत अनेक वर्षे ४०० मिलिग्रॅमची पातळी धोक्याची मानली जात असे. २०२४ साली निवासी जागांच्या मातीसाठी ती २०० वर आणण्यात आली. यावरून एका मोठ्या बॅटरीतील शिसे एका गुंठ्याची काय अवस्था करू शकते, याची कल्पना यावी.

पिके व जनावरे यांवरील परिणाम

शिसे मुळांतून वर फारसे चढत नाही. ज्वारी-बाजरीच्या दाण्यांत किंवा टोमॅटो-वांग्यांसारख्या फळांत ते थोडेच पोहोचते. पालेभाज्यांवर मात्र दूषित धूळ बसते, आणि मुळा, गाजर, रताळे यांच्या सालीला दूषित माती चिकटून राहते. कॅडमियमची गोष्ट वेगळी आहे. ते मुळांतून सहज शोषले जाते व पालक, तंबाखू, भात यांत साचते. पीक वरून हिरवेगार दिसते, उत्पन्नही घटत नाही. म्हणून केवळ डोळ्यांनी पाहून पीक निर्धोक आहे असे समजणे चुकीचे होय.

जनावरांत शिशाची बाधा बहुधा टाकून दिलेल्या बॅटऱ्यांमुळे होते. गुरांना बॅटरीतील पत्रे व खारट पांढरी भुकटी चाटण्याची सवय लागते. वासरे व रेडके यांना बाधा लवकर होते. दिसेनासे होणे, दात खाणे, गोल गोल फिरणे, भिंतीला डोके टेकून उभे राहणे, स्नायू थरथरणे व झटके येणे ही तिची लक्षणे होत. अशी लक्षणे दिसताच पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे, आणि त्यांनी निर्वाळा देईपर्यंत त्या गोठ्यातील दूध वापरू नये. ही लक्षणे इतर रोगांतही दिसतात. म्हणून जनावर कोठे चरत होते, हे अधिकाऱ्यांना अवश्य सांगावे.

गुरांचे मरण ही पुष्कळदा पहिली सूचना असते. त्याच मातीत मुले खेळत असतील, तर ती सूचना दुर्लक्षून चालणार नाही.

मुलांना धोका अधिक का?

लहान मूल मातीत बसते व तेच हात तोंडात घालते. शिवाय पोटात गेलेल्या शिशाचा जेवढा अंश मोठ्या माणसाच्या शरीरात शोषला जातो, त्याच्या चार ते पाच पट अंश मुलांच्या शरीरात शोषला जाऊ शकतो. आहारात लोह व चुना कमी असल्यास हे शोषण आणखी वाढते. म्हणजे कुपोषित बालकास धोका दुहेरी असतो.

शिसे रक्तातून मेंदू, मूत्रपिंड व हाडे यांत जाते. प्रमाण अधिक असल्यास पोटात कळा येणे, बद्धकोष्ठता, रक्तक्षय, झटके, बेशुद्धी व मृत्यू असा क्रम दिसतो. परंतु थोड्या प्रमाणातील बाधेत बाहेरून काहीच दिसत नाही. मूल चिडचिडे होते, त्याचे लक्ष लागत नाही, ते अभ्यासात मागे पडते. घरचे लोक व शिक्षक त्याला आळशी समजून बोल लावतात. मेंदूची झालेली ही हानी बहुधा भरून येत नाही. हाडांत साठलेले शिसे पुढे गर्भारपणी रक्तात उतरते व गर्भापर्यंत पोहोचते. शिशाची कोणतीही निर्धोक मात्रा आजवर आढळलेली नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्ताच्या दर डेसिलिटरमध्ये ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळल्यास ते कोठून आले हे शोधून ते थांबवावे, असा या संघटनेचा २०२१ चा सल्ला आहे.

परदेशांतील तीन धडे

सेनेगल देशाची राजधानी डाकार. तिच्या थियारॉय-सूर-मेर या उपनगरात जुन्या बॅटऱ्यांतील शिसे काढण्याचा धंदा चाले. शिशाचा भाव चढल्यावर, शिसे मिसळलेली तेथील वाळू पोत्यांत भरून ती चाळण्याचे काम लोक घराघरांत करू लागले. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या अवधीत तेथे १८ बालके दगावली. रोगाचे कारण प्रथम कळेना. पुढे तपासात मोकळ्या जागेतील काही मातीत किलोमागे ३,०२,००० मिलिग्रॅमपर्यंत शिसे आढळले. म्हणजे एक किलो मातीत ३०२ ग्रॅम शिसे. जेथे बालके दगावली त्याच परिसरातील माता व भावंडे यांच्याही रक्तात ते सापडले. चार पैसे मिळावेत म्हणून केलेल्या कामातून हा अनर्थ ओढवला.

दुसरा धडा नायजेरियातील झम्फारा प्रांताचा आहे. तेथे २०१० साली गावकरी सोन्याचे दगड घराच्या अंगणातच फोडून दळीत असत. त्या दगडांत शिसे होते. किमान ४०० बालके मृत्युमुखी पडली. त्यावर औषधोपचार सुरू झालाच; परंतु वैद्यांनी असा आग्रह धरला की, आधी अंगणांतील व सार्वजनिक जागांतील दूषित माती काढून तेथे स्वच्छ माती घालावी. त्याच मातीत मूल परत गेल्यास औषधाचा उपयोग होणार नाही, हे त्यामागील तत्त्व होते.

तिसरा धडा शेतकऱ्यांच्या अधिक जवळचा आहे. जपानमधील जिन्झू नदीत खाणीतील कॅडमियम उतरत असे व त्या पाण्यावर भातशेती होत असे. भातातून ते माणसांच्या पोटात गेले. विशेषतः प्रौढ स्त्रियांची हाडे ठिसूळ होऊन त्यांना असह्य वेदना होऊ लागल्या. १९६८ साली जपान सरकारने हा रोग प्रदूषणामुळे होतो असे मान्य केले. पुढे ८६३ हेक्टर खाचरांची माती सुधारण्याचे काम हाती घेण्यात आले. ते १९७९ च्या सुमारास सुरू होऊन २०१२ साली पुरे झाले. माती बिघडणे सोपे, ती सुधारणे किती कठीण, हे या ३३ वर्षांवरून दिसून येईल.

एका गावातील अनुभव

या विषयाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष पुस्तकामुळे वळले नाही; स्वतःच्या चुकीमुळे वळले. काही वर्षांपूर्वी एका गावी अंगणवाडीची परसबाग करण्याचे ठरले. जागा निवडण्याचे काम माझ्याकडे आले. गायरानाच्या कडेला ओढ्याजवळ सपाट काळी जमीन होती. नेहमीच्या पद्धतीने मातीचा नमुना घेतला, प्रयोगशाळेचा अहवाल आला, आणि त्यात सर्व काही समाधानकारक होते. वाफे पडले, मेथी व पालक पेरला गेला. मेथी दोन पानांवर आली असता एक वृद्ध गुराखी बांधावर येऊन उभे राहिले.

ते म्हणाले, “साहेब, या कोपऱ्यात आम्ही ढोरं सोडत नाही.”

“का बरं, बाबा?”

“दोन रेडकं आंधळी होऊन मेली इथं. पूर्वी इथं बॅटऱ्या फोडायचे. तो चट्टा बघा, पावसाळ्यातही तिथं हराळी धरत नाही.”

हराळी जेथे धरत नाही तेथे काहीतरी विपरीत आहे, हे कृषिशास्त्राच्या पदवीधराला प्रथम दिसावयास हवे होते. मी ती जागा पाहिली होती. परंतु हातात चांगला अहवाल असल्यामुळे डोळ्यांनी पाहिलेल्याचा विचार केला नाही. त्याच दिवशी वाफे मोडले. वरच्या थराचे वेगळे नमुने घेऊन शिशासाठी पृथक्करण करविले, तेव्हा त्यात शिशाचे प्रमाण साध्या मातीच्या कितीतरी पट आढळले.

ग्रामसभेत लोक रागावले. तो राग प्रथम बॅटऱ्या फोडणाऱ्या कुटुंबावर गेला. परंतु त्या कुटुंबातील लहान मुले त्याच चट्ट्यावर वाढली होती. सर्वांत अधिक विष त्यांच्याच पोटात गेले असण्याचा संभव होता. हे समजावून सांगितल्यावर सभेचा सूर बदलला. आरोग्य केंद्रामार्फत प्रथम त्या मुलांचे रक्त तपासणीस पाठविण्यात आले, त्या चट्ट्यास काटेरी कुंपण पडले आणि परसबाग गावाच्या दुसऱ्या अंगास हलविण्यात आली. गुराख्याच्या त्या दोन वाक्यांचे मोल त्या दिवशी कळले. जागा निवडण्यापूर्वी तेथे गुरे चारणाऱ्यास विचारावे, हा नियम मी तेव्हापासून पाळीत आलो आहे.

नमुना कसा घ्यावा?

नेहमीच्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा बाबी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल व बोरॉन. यांत शिसे व कॅडमियम नाहीत. म्हणून पत्रिका चांगली आली तरी माती निर्विष आहे असा तिचा अर्थ होत नाही. शिशाचे पृथक्करण स्वतंत्रपणे मागावे लागते.

दुसरी गोष्ट खोलीची. पिकासाठी आपण १५ ते २० सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घेतो. समजा, वरच्या २.५ सेंटिमीटर थरात किलोमागे ८०० मिलिग्रॅम शिसे आहे व खाली ते २० आहे. वीस सेंटिमीटरचा नमुना एकत्र केल्यास सरासरी सुमारे ११८ येईल आणि धोका झाकला जाईल. मूल मात्र त्या वरच्या थरातच खेळते. सबब सार्वजनिक जागेचा नमुना पुढीलप्रमाणे घ्यावा.

१. जागेचे भाग पाडावेत: खेळण्याची जागा, रंगविलेल्या भिंतीलगतची पट्टी, रस्त्याची कड, भंगाराची जागा. प्रत्येक भागाचा नमुना वेगळा ठेवावा. ते एकत्र करू नयेत.
२. प्रत्येक भागातून दहा-बारा ठिकाणची केवळ वरची ५ सेंटिमीटर, म्हणजे दोन इंच, माती घ्यावी.
३. लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी वापरावी. रंगविलेले अथवा जस्ताचा मुलामा दिलेले हत्यार वापरू नये.
४. माती सावलीत वाळवून, मिसळून, अर्धा किलो स्वच्छ पिशवीत भरावी. पिशवीवर गाव, जागा, खोली व तारीख लिहावी.
५. तुलनेसाठी गावाबाहेरील निर्धोक वाटणाऱ्या जागेचा एक नमुना बरोबर द्यावा.
६. काम संपल्यावर हातपाय साबणाने धुवावेत व कपडे वेगळे धुवावेत.

जवळच्या विहिरीचे अथवा हापशाचे पाणीही तपासावे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे शिसे ०.०१ मिलिग्रॅम व कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅम यांहून अधिक असू नये.

उपाय

जेथे बॅटऱ्या फोडल्या गेल्या असतील तेथील माती गावकऱ्यांनी स्वतः उकरू नये. त्या जागेस कुंपण घालावे, फलक लावावा आणि ग्रामपंचायतीमार्फत जिल्हा प्रशासन व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना लेखी कळवावे. दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाविषयी केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये स्वतंत्र नियम केले आहेत. त्यांनुसार स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासन यांनी संशयित दूषित जागा हेरून त्यांची यादी राज्य मंडळास द्यावयाची असते. नागरिकांच्या तक्रारीवरूनही अशी जागा यादीत येऊ शकते. म्हणून ग्रामसभेचा ठराव व त्यासोबत जागेचा नकाशा पाठविणे उपयुक्त ठरते.

जेथे प्रमाण मध्यम आहे, उदाहरणार्थ जुन्या रंगाच्या भिंतीखाली किंवा रस्त्याकडेला, तेथे पुढील उपाय गावाच्या आवाक्यातले आहेत. उघडी माती स्वच्छ मातीच्या जाड थराने झाकून त्यावर हराळी लावावी, किंवा फरशी बसवावी. रस्ता व खेळण्याची जागा यांमध्ये दाट कुंपणझाडांची रांग लावावी. ती धूळ अडविते. उतारावर वाळ्याची रांग लावल्यास दूषित माती ओढ्यात वाहून जात नाही. शाळेचे अंगण कोरडे न झाडता आधी पाणी शिंपडावे.

शंकास्पद जमिनीत पालेभाज्या व कंदमुळे न घेता फुलझाडे, कापूस किंवा इमारती लाकडाची झाडे घ्यावीत. आम्लधर्मी जमिनीत चुना, आणि सर्वच जमिनींत कुजलेले शेणखत व शिफारशीप्रमाणे स्फुरद दिल्यास धातू जखडून राहण्यास मदत होते. परंतु या उपायांनी धातू नाहीसे होत नाहीत. त्यांची उपलब्धता केवळ कमी होते. काही वनस्पती मातीतील धातू शोषून घेतात हे खरे. तथापि, अशा वनस्पतींनी भारी दूषित जमीन शुद्ध होण्यास अनेक वर्षे, कित्येकदा दशके लागतात. त्यावर विसंबून मुलांना त्या जागेत खेळू देऊ नये.

घरी जेवणापूर्वी मुलांचे हात साबणाने धुवावेत. भाजी भरपूर पाण्याने धुवावी, कंदांची साल काढावी. दूध, नाचणी, डाळी, आवळा, हिरव्या भाज्या यांचा आहार द्यावा. लोह व चुना पुरेसा मिळाल्यास शिशाचे शोषण घटते. बाधेची शंका असल्यास बालकाला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. रक्त तपासणे हाच निदानाचा खात्रीचा मार्ग आहे. विष उतरविण्यासाठी अनोळखी भस्मे देऊ नयेत. काही भस्मे शिशापासूनच केलेली असतात.

जुनी बॅटरी विक्रेत्याकडे परत द्यावी. वापरलेल्या बॅटऱ्यांविषयी २००१ साली नियम झाले व त्यांच्या जागी २०२२ चे नियम आले. त्यांनुसार बॅटऱ्या गोळा करून नोंदणीकृत कारखान्यात पुनर्वापरासाठी पोहोचविण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दारावर येणारा दोन पैसे अधिक देतो म्हणून बॅटरी त्यास देणे म्हणजे कोणा तरी गावचे गायरान विषारी करण्यास हातभार लावणे होय. भंगाराच्या कामावर ज्यांचे पोट आहे त्यांना गावाबाहेर हाकलून प्रश्न सुटत नाही. ते तेच काम दुसऱ्या ओढ्याकाठी करतील. बॅटरी न फोडता ती अखंड स्थितीत गोळा करून केंद्रावर पोहोचविण्याचे काम त्यांना मिळवून देणे हाच टिकाऊ उपाय आहे.

काय करू नये?

दूषित माती विटांसाठी, भरावासाठी किंवा शेतात टाकू नये. ती ओढ्यात लोटू नये. जुना तेलरंग कोरडा घासून काढू नये. पृष्ठभाग ओला करून खरवडावा, खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरावा व त्या वेळी मुलांना दूर ठेवावे. रंगविलेले जुने लाकूड चुलीत जाळू नये व त्याची राख भांडी घासण्यास अथवा परसबागेत वापरू नये. बॅटरीचे रिकामे खोके पाणी, धान्य किंवा पेंड ठेवण्यास कधीही वापरू नये.

कार्यकर्त्यांसाठी उजळणीचे प्रश्न

१. आपल्या गावात बॅटऱ्या, तारा किंवा इतर भंगार कोठे फोडले अथवा जाळले जाते? पूर्वी कोठे जात असे? वृद्ध गुराखी व धान्य वाळविणाऱ्या स्त्रिया यांना विचारून गावाच्या नकाशावर खुणा करा.
२. शाळा व अंगणवाडी यांच्या अंगणापासून या खुणा किती अंतरावर आहेत? पाण्याचा उतार कोणत्या बाजूस आहे?
३. मृदा आरोग्य पत्रिका चांगली असूनही माती विषारी का असू शकते? दोन कारणे सांगा.
४. शिसे व कॅडमियम यांच्या पिकातील वागणुकीत काय फरक आहे? परसबागेत कोणत्या भाज्या टाळाव्यात?
५. औषधोपचार करूनही मूल बरे का होत नाही, हे झम्फाराच्या उदाहरणावरून ग्रामसभेत समजावून सांगा.

प्रत्येक गावातील कार्यकर्त्याने येत्या पावसाळ्यापूर्वी पहिल्या प्रश्नातील नकाशा तयार करावा. पाऊस सुरू झाला म्हणजे वरचा थर ओढ्यात वाहून जातो व एका जागेचे विष दहा जागी पसरते. हा नकाशा काढण्यास पैसा लागत नाही. एक दिवसाची पायपीट आणि गावातील वडीलधाऱ्यांचे बोलणे ऐकून घेण्याची तयारी एवढे पुरते.